पाणी कशावर तापवता? रेस्पिरेटरी थेरपीच्या विद्यार्थिनीला समाजशास्त्राबद्दल उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपीचं दुसरं वर्ष चालू आहे, घर कोल्हापूर जिल्ह्यात, कॉलेज कर्नाटकात. परीक्षा ३ आठवड्यांवर आली आहे. एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी, अजून नीट वाचता येत नाही, व्हेंटिलेटरच्या सेटिंगची भीती वाटते, आणि त्यात समाजशास्त्राचा पेपर. तो पास होण्यापुरता उरकावा का, आणि आयसीयूत काम करणाऱ्याला पार्सन्स आणि दुर्खीम हे समाजशास्त्रज्ञ कशाला हवेत, असं तुम्ही विचारलं आहे.

मी २२ वर्षं हे काम करते आहे. बहुतेक काळ पुण्यात, आयसीयूत. अलीकडे इंटर्नना शिकवतेही. वेळेचं उत्तर सोपं आहे. सकाळचा ताजा वेळ एबीजीला द्या, समाजशास्त्राला रोज पाऊण तास द्या, आणि ते शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. 'उपयोग काय' याचं उत्तर मात्र लांबलचक आहे. मला ते एका पेशंटने शिकवलं, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

साठीच्या आतबाहेरची बाई, मावळातल्या एका खेड्यातली. रात्री दोनच्या सुमाराला कॅज्युअल्टीत आली. ओठ निळसर, खांदे वर उचलून श्वास घेत होती, दोन शब्द बोलली की थांबायची. एबीजी आला: पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड ७२, बायकार्बोनेट ३३.

वही घ्या आणि हा रिपोर्ट माझ्याबरोबर सोडवा. पीएच ७.३५ च्या खाली, म्हणजे ॲसिडोसिस, रक्त आम्लाकडे झुकलेलं. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मध्ये हवा, तो ७२ आहे. त्यामुळे ॲसिडोसिस श्वसनाचा. इथवर वर्गातली सगळी मुलं पोचतात आणि पेन खाली ठेवतात. खरी गोष्ट तिसऱ्या आकड्यात, बायकार्बोनेटमध्ये, आहे. रक्तातलं आम्ल झेलणारा हा क्षार एरवी २४ च्या आसपास असतो. कार्बन डायऑक्साइड अचानक वाढला तर दर १० मागे बायकार्बोनेट साधारण १ ने वाढतं. तो वाढलेलाच राहिला तर मूत्रपिंडं कामाला लागतात आणि दर १० मागे साडेतीन-चारपर्यंत भर घालतात. या कामाला त्यांना ३ ते ५ दिवस लागतात. आता हिशेब करा. कार्बन डायऑक्साइड ४० वरून ७२, म्हणजे ३२ ने वर. सगळा बिघाड आजच्या रात्रीचा असता तर बायकार्बोनेट २७ च्या आसपास दिसलं असतं. सगळा जुना असता तर ३५ ते ३७. आहे ३३. म्हणजे दुखणं जुनं, आणि त्यावर आज नवा घाव बसला आहे. परीक्षेत याला 'ॲक्यूट ऑन क्रॉनिक' लिहायचं आणि त्याखाली हा हिशेब मांडायचा. हिशेब मांडलात तर परीक्षकाला कळतं की मुलीला समजलं आहे.

रोज असे ५ एबीजी हाताने सोडवा. मोबाइलवरची ॲप्स या ३ आठवड्यांत उघडूच नका. त्यांतून उत्तर मिळतं, पण ३३ कुठून आलं हे कळत नाही.

आपण ज्या आयसीयूत काम करतो तो ज्या साथीतून उभा राहिला, तिच्या गोष्टीतही हाच बायकार्बोनेटचा आकडा आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास बंद पडत चाललेली माणसं, बरीचशी मुलंच, येत होती. लोहफुफ्फुस, म्हणजे रुग्णाला मानेपर्यंत आत झोपवायची ती पोलादी टाकी, तिथे एकच होती. पहिल्या ३ आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेटची पातळी वाढलेली दिसे आणि डॉक्टर तिला अल्कलोसिस, म्हणजे रक्तातलं आम्ल कमी होणं, समजत. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी नेमकं उलटं ओळखलं: या मुलांचा श्वास पुरत नाही, कार्बन डायऑक्साइड साचतो आहे, आणि वाढलेला आकडा त्याची खूण आहे. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवली गेली आणि इब्सेन यांनी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले, तुमच्याच वयाचे. एका वेळी ७० पर्यंत रुग्ण असे हातांवर जगत होते, आणि आधी दहांतले नऊ जात होते तिथे पुढे पुढे चारांतला एकच जाऊ लागला.

ही गोष्ट मी इंटर्नना दोनदा सांगते. एकदा शरीरक्रिया म्हणून, एकदा समाजशास्त्र म्हणून. इब्सेन यांना कार्बन डायऑक्साइड समजला, हे अर्धं झालं. पण १,५०० माणसं कोणाच्या सांगण्यावरून आली, कोणी कोणानंतर बसायचं हे कसं ठरलं, दमलेल्या हातातून पिशवी दुसऱ्या हातात कशी गेली, याची घडी बसली नसती तर ते ज्ञान कागदावर राहिलं असतं. दुर्खीम यांची श्रमविभागणी तुम्हाला पुस्तकात कोरडी वाटते ना, ती अशी वाचा.

आता आपल्या बाईकडे परत. तिला बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लावला, ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या मध्ये राखलं, नेब्युलायझेशन, स्टेरॉइड, सगळं रीतसर. तिसऱ्या दिवशी पीएच ७.३६ झाला. सहाव्या दिवशी रोटाहेलर, म्हणजे पावडर औषधाचा इनहेलर, कसा ओढायचा हे शिकवून मी तिला घरी पाठवलं. ७ आठवड्यांनी ती पुन्हा आली. पुन्हा बायपॅप, पुन्हा घरी. पावसाळ्यात तिसऱ्यांदा.

तिच्या फाइलमध्ये पहिल्या दिवशी मी स्वतः लिहिलं होतं: 'धूम्रपान नाही. घरात गॅस आहे.' दोन्ही खरं होतं. मी विचारलं होतं, "घरी गॅस आहे ना?" तिने मान हलवली, मी टिक केली.

तिसऱ्या खेपेला वॉर्डातल्या मावशी तिची चादर बदलत होत्या. त्या त्याच भागातल्या. सहज बोलता बोलता म्हणाल्या, "अंगुळीचं पानी कशावर तापवती गं?"

"चुलीवर. दुसरं कशावर?"

"आन् भाकरी?"

"भाकर बी चुलीवरच. ग्यास चहाला, आन् पाव्हनं आलं की."

मी शेजारच्या बेडवर सक्शन करत होते. काम संपवून तिच्यापाशी जाऊन बसले. ती पहाटे साडेचारला उठायची. घरात दहा माणसं, दहा बादल्या पाणी. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. मी विचारलं, दम पहिल्यांदा कधी लागायला लागला? ती म्हणाली, "दोन वरसं झाली. फुकनी मारायला दम पुरना."

तिचा श्वास बाहेर जोरात पडत नाही, हे तिला फुंकणीने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आमच्याकडे ते स्पायरोमेट्रीवर, म्हणजे फुंकर मोजायच्या तपासणीत, दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता. बायकार्बोनेट ३३ व्हायला ते सगळे दिवस लागले होते, आणि त्या दिवसांत ती कुठे होती याचं उत्तर रक्ताच्या कुठल्याच तपासणीत नव्हतं.

तुमच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात संशोधन पद्धतींचं एक प्रकरण असेल, मुलाखत आणि प्रश्नावलीचं. मुलं ते सोडून देतात. मी म्हणेन, तिथूनच सुरू करा. 'घरात गॅस आहे का' आणि 'पाणी कशावर तापवता' यांत काय फरक पडतो, ते त्या प्रकरणात लिहिलेलं आहे. पहिला प्रश्न हो-नाहीत संपतो, आणि त्याचं 'बरोबर' उत्तर काय असावं हेही पेशंटला कळतं. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, गावोगाव जोडण्या पोचल्या. जोडणी असणं आणि चूल विझणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर पैशाइतकंच घरातल्या हुकमाचं आहे. सिलिंडरला रोख पैसे लागतात, ते मुलाच्या खिशात. लाकूडफाटा बायका डोक्यावर आणतात, त्याला पैसा लागत नाही, म्हणून तो घराला फुकट वाटतो. धूर कोणाच्या छातीत जायचा हे या हिशेबात ठरून जातं.

इथे पार्सन्स घ्या. टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये आजारी माणसाच्या भूमिकेबद्दल मांडलेले चार मुद्दे परीक्षेला हमखास येतात. आजाऱ्याला रोजच्या कामातून सूट मिळते. आजाराचा दोष त्याच्यावर ठेवत नाहीत. त्याने बरं व्हायची इच्छा धरायची. आणि जाणकाराची मदत घेऊन त्याचं ऐकायचं. आता ही चारही कलमं त्या बाईला लावून बघा. सूट? घरी परतल्यावर दुसऱ्या पहाटे ती चुलीपुढे होती. बरं होणं? सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा तिचा आजार, पूर्ण बरा होतच नाही. पार्सन्स यांच्यावरची नेहमीची टीका हीच आहे की त्यांची मांडणी ताप-न्यूमोनियाला बसते, जन्मभराच्या दुखण्याला बसत नाही. दोष न देण्याचं कलम तर विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला वॉर्डात कोण काय बोलतं ते ऐकलंत की आपोआप तपासून होईल. असं एक उदाहरण जोडून लिहिलेली शॉर्ट नोट परीक्षक विसरत नाही.

आपल्या घरांबद्दल आणखी एक गोष्ट. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांचा जो अभ्यास केला, त्यातला लेक आणि सून यांच्यातला फरक तुम्ही अनुभवाने ओळखताच. तो आयसीयूच्या दाराबाहेरच्या बाकावर रोज बसलेला असतो. सून ॲडमिट असेल तर खर्चाचा विषय निघाला की "तिच्या माहेरच्यांना बोलवू" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. ट्यूब टाकायची संमती नवरा देतो, आणि बाई शुद्धीवर असली तरी तिला विचारायचं राहून जातं. तुम्ही तिथे उभ्या असाल तेव्हा आधी तिच्याशी बोला.

कलंकाबद्दल अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये लिहिलं. उघड दिसणारा कलंक वेगळा, लपवता येणारा वेगळा, आणि लपवता येणाऱ्याचं ओझं असं की माणूस सतत काय दिसू द्यायचं याचा हिशेब करत राहतो. दमा असलेली २३ वर्षांची मुलगी ओपीडीत माझ्यासमोर पंप अगदी बिनचूक घ्यायची. हलवला, श्वास सोडला, दाबत दाबत संथ आत ओढला, दहापर्यंत श्वास रोखला. तरी दर महिन्याला छाती घरघरत यायची. तिसऱ्या भेटीत आई बाहेर गेल्यावर म्हणाली, "मॅडम, बघायला येतायत. आई म्हणते लग्न जमेपर्यंत पंप दिसता कामा नये." तिचं तंत्र मी तीनदा तपासलं होतं, आणि तंत्रात काहीच चुकत नव्हतं. मग आम्ही सकाळ-संध्याकाळ खोलीचं दार लावून घ्यायचं औषध नक्की केलं, आणि आईला बोलावून पंपाची सवय लागते हा गैरसमज दूर केला. आईच्या मनात तीच भीती होती.

सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये वैयक्तिक अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांत फरक केला. एका दगडखाण कामगाराला खोकला, ही त्याची अडचण. त्याच वस्तीतून पाचवा माणूस तशीच छाती घेऊन आला की तो वस्तीचा, धुळीचा आणि मुकादमाचा प्रश्न होतो. दगडाच्या धुळीने फुफ्फुसं निकामी करणारा सिलिकोसिस हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. पण कळवणार तेव्हाच, जेव्हा कोणीतरी 'काम काय करता' यापुढे 'दगड कोरडा फोडता की पाणी मारून' असं विचारलेलं असेल. क्षयाचंही तेच. मुंबईत गोवंडीच्या पुनर्वसन इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, आणि क्षय तिथे ठाण मांडून आहे. तिथल्या पेशंटला 'हवेशीर खोलीत झोपा' असं सांगताना आपण त्याला काय सांगतो आहोत याचा विचार करा.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हे पेशंटच्या घराबद्दल झालं. मशीन तर मशीन असतं. यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण मला स्वतःला हे फार उशिरा उमगलं.

व्हेंटिलेटरचं टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात आत जाणारी हवा, घ्या. ते पेशंटच्या खऱ्या वजनावर ठरत नाही, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनावर ठरतं. बाईसाठी सूत्र ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (उंची सेंटीमीटरमध्ये वजा १५२.४). पुरुषासाठी ४५.५ च्या जागी ५०. आपल्या वॉर्डात १४८ सेंटीमीटर उंचीची बाई अगदी नेहमीची. तिचं अपेक्षित वजन साडेएकेचाळीस किलो. किलोमागे ६ मिली धरले तर सुमारे २५० मिली. रात्रीच्या घाईत उंची कोणी मोजत नाही. झोपलेल्या माणसाची उंची टेपने मोजायला दोन मिनिटं लागतात, तीही मिळत नाहीत. मग कोणीतरी म्हणतं, "५०० ला लाव." तिच्यासाठी ते किलोमागे १२ मिली होतं. अमेरिकेत एआरडीएसच्या, म्हणजे फुफ्फुसं सुजून निकामी होण्याच्या आजाराच्या, ८६१ रुग्णांवरचा जो प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात नेमके हेच दोन गट होते: १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के मृत्यू, ६ मिलीच्या गटात ३१ टक्के. ५०० हा आकडा आपल्या हाताला सवयीने लागतो, आणि ती सवय पुष्कळ उंच पुरुषाच्या मापाची आहे. बुटक्या बाईला त्याची किंमत मोजावी लागते. टेप खिशात ठेवा. मी ठेवते.

पल्स ऑक्सिमीटर तर सगळ्यांच्या भरवशाचा. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं सॅच्युरेशन प्रत्यक्षात ८८ च्या खाली होतं, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. यंत्राचा प्रकाश कातडीतून जातो, कातडीतलं रंगद्रव्य त्यात अडथळा आणतं, आणि यंत्राची मोजपट्टी ज्या निरोगी लोकांवर बेतली त्यांत गडद कातडीची माणसं थोडी होती. यंत्राला वर्णभेद कळत नाही. तो मोजपट्टी बेतणाऱ्यांच्या निवडीतून आत शिरला. सावळ्या पेशंटचा चेहरा आणि ऑक्सिमीटरचा आकडा जुळत नसेल तर चेहऱ्यावर विश्वास ठेवा आणि एबीजी घ्या.

स्पायरोमीटरचा इतिहास याहून जुना आहे. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये लंडनला दोन हजारांवर माणसांच्या फुफ्फुसांची क्षमता मोजली आणि ती उंचीशी बांधलेली आहे हे दाखवलं. लवकरच अमेरिकेच्या दक्षिणेतले डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट यांनी तेच यंत्र हाती घेऊन गुलामांची फुफ्फुसं जन्मतःच कमी क्षमतेची असल्याचा दावा केला आणि गुलामगिरी त्यांच्या हिताची असल्याच्या युक्तिवादाला तो जोडला. वंशानुसार आकडा 'दुरुस्त' करण्याची ती पद्धत पुढे स्पायरोमेट्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये पोचली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिरपेक्ष समीकरणं वापरण्याची शिफारस केली ती २०२३ मध्ये. आपल्याकडे अजून मशीन सुरू केलं की वंश निवडा म्हणून यादी येते. २०१२ च्या जागतिक समीकरणांत भारतीयांचा वेगळा गटच नव्हता, त्यामुळे एका लॅबमध्ये एक पर्याय निवडतात, दुसरीत दुसरा, आणि त्याच पेशंटची तीच फुंकर एकीकडे ८२ टक्के तर दुसरीकडे ९२ टक्के निघू शकते. पीएफटीच्या (फुफ्फुसांच्या तपासणीच्या) तोंडी परीक्षेत कोणी विचारो न विचारो, रिपोर्टच्या तळाशी कुठलं समीकरण छापलं आहे ते वाचायची सवय लावा, आणि पुढच्या वेळी त्याच समीकरणाने तुलना करा.

घरच्या ऑक्सिजनचा हिशेबही कधीतरी स्वतः मांडून बघा. १९८०-८१ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांपासून आपण सांगतो की धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली असलेल्या सीओपीडीच्या रुग्णाने दिवसाला निदान १५ तास ऑक्सिजन घ्यावा. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट खातो. १५ तासांचे सव्वापाच युनिट, महिन्याचे दीडशेच्या वर. घरचा आधीचा वापर ८० युनिट असेल तर बिल १०० युनिटांच्या पुढच्या महाग टप्प्यात जातं. मग पेशंट १५ तासांचे ६ तास करतो आणि आपण फाइलवर 'सूचना पाळत नाही' असं लिहितो. सिलिंडर आणला तरी सुटका नाही: दीड हजार लिटरचा बी-टाइप सिलिंडर २ लिटरच्या प्रवाहाने साडेबारा तासांत संपतो. डिस्चार्जच्या वेळी मी आता नातेवाइकांना विजेचं मागचं बिल फोटो काढून दाखवायला सांगते आणि त्यांच्यासमोर हा गुणाकार करते. काही घरं तिथेच ठरवतात की रात्रीचे तास कुठल्या खर्चात काटकसर करून काढायचे.

आता परीक्षेबद्दल. समाजशास्त्राचं उत्तर लिहिताना व्याख्या आपल्या शब्दांत, विचारवंताचं नाव आणि साल, मग एक भारतीय उदाहरण, आणि त्यानंतर तुमच्या पोस्टिंगमधला पेशंट, नाव न घेता. विचारवंत फार पाठ करू नका. दुर्खीम, पार्सन्स, मिल्स, गॉफमन. आणि आपल्याकडचे घुर्ये, ज्यांनी १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा वाहिली, श्रीनिवास आणि कर्वे. जात, कुटुंब, नातेसंबंध आणि सामाजिक बदल ही प्रकरणं सोडू नका. गुण तिथे मिळतात, आणि ती तुम्हाला गावाकडून आधीच माहीत आहेत. लॉगबुकमध्ये प्रत्येक केसच्या खाली दोन ओळी मोकळ्या सोडा: स्वयंपाक आणि पाणी कशावर, आणि औषधाचा पैसा कोणाच्या हातात. व्हेंटिलेटरच्या मोडचा, म्हणजे श्वास द्यायच्या पद्धतींचा, गोंधळ या ३ आठवड्यांत मिटेल, त्याची काळजी करू नका. प्रत्येक मोडला 'श्वास कोण सुरू करतं, काय ठरलेलं असतं, श्वास कधी संपतो' एवढे तीनच प्रश्न विचारा.

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. डिस्चार्जच्या दिवशी मुलगा आणि सून आले. मी मुलाला म्हणाले, आईला चुलीपुढे बसू देऊ नका. तो लगेच हो म्हणाला आणि सुनेकडे वळून म्हणाला, "उद्यापासून पाणी तू तापव." सून काही बोलली नाही. तेव्हा मला दिसलं की मी धूर एका छातीतून काढून दुसऱ्या छातीत घातला आहे. मी तिथल्या तिथे सुनेला आत बोलावलं, नवा माउथपीस लावला आणि तिची स्पायरोमेट्री केली. नॉर्मल आली. तो कागद मी मुलाच्या हातात दिला, आईचा रिपोर्ट त्याच्या शेजारी ठेवला, आणि दोन्ही आलेख बोटाने दाखवले: आईची रेघ कशी लवकर खाली पडते, बायकोची अजून कशी भरदार आहे. त्याने दोन्ही कागद बराच वेळ धरून ठेवले.

५ महिन्यांनी ती ओपीडीत आली, चालत. पाण्याचा बंब अंगणात गेला होता, चूल पडवीत आणली होती, भाकरी अजून तिच्यावरच होत होती. सून बरोबर आली होती. तिने पिशवीतून स्वतःचा तो जुना रिपोर्ट काढला आणि विचारलं, "माझी परत एकदा बघता का?"